कृष्णधवल फोटो सपक का दिसतो? रंग इतक्यात फेकून देऊ नका

तुमचा प्रश्न असा, की बागेतला लाल गुलाबाचा फोटो रंगीत असताना सुरेख दिसतो, पण कृष्णधवल केला की सगळा राखाडी चिखल होतो. मग यासाठी नवा फोन घ्यावा का? अजिबात घेऊ नका. गेली कित्येक वर्षं मी जवळजवळ कृष्णधवलच काढतेय, त्यातले बरेचसे फोनवर, आणि सुरुवातीचं वर्षभर मलाही हीच अडचण छळत होती.

लाल पाकळ्या आणि हिरवी पानं आपल्याला वेगळी दिसतात ती रंगामुळे. दोन्हींचा उजळपणा मात्र पुष्कळदा सारखाच असतो. एका टिचकीत लागणारा फिल्टर रंग काढून टाकतो आणि उजळपणा तेवढा ठेवतो, म्हणून फूल पानांत हरवून जातं. त्यामागे ठरलेला हिशेब असतो. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११ धरतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो. तुमच्या फोटोत फूल महत्त्वाचं आहे, पानं नाहीत, हे त्या सूत्राला कळायला काही मार्गच नाही. ते तुम्हीच सांगायचं.

म्हणून फोटो रंगीतच काढा आणि ती फाइल जपून ठेवा. स्नॅपसीड या फोटो एडिट करायच्या ॲपमधल्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे रंगीत फिल्टर आहेत. लाइटरूम मोबाइल या दुसऱ्या ॲपमध्ये तर फोटो कृष्णधवल केल्यावर प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्लायडर, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा कमी-जास्त करायची सरकपट्टी, मिळतो. मी तेच वापरते. तुमचाच गुलाब उघडा. लालचा स्लायडर वर न्या, हिरव्याचा खाली: पाकळ्या जवळजवळ पांढऱ्या होतात आणि मागची पानं गडद होत मागे सरकतात. आता नेमकं उलटं करा. पाकळ्या काळ्याशार, मखमली, एकीची कड दुसरीवर टेकलेली तेवढी उजळ, आणि भोवती फिकट पानं. फाइल एकच, फुलं दोन. पहिल्यांदा हे पाहिलं त्या संध्याकाळी मी जुने सगळे फोटो उपसून काढले होते.

फिल्मच्या काळात हेच काम भिंगापुढे रंगीत काच लावून व्हायचं. लाल काच लावली की निळं आकाश गडद आणि ढग ठसठशीत. फोनवर मात्र आकाशाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. निळा स्लायडर फार खाली ओढला की आकाशात दाणे आणि पट्टे उमटतात, झाडांच्या कडेला पांढरट रेघ येते. जेपेग या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजळपणाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, त्या ताणल्या की तुटतात. फोनमध्ये रॉची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती तशीच साठवायची, सोय असेल तर ती वापरा. १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६ पायऱ्या मिळतात. चेहऱ्यांसाठी नारिंगी स्लायडर लक्षात ठेवा, त्वचेचा रंग कुठलाही असो, बराचसा तिथेच सापडतो. थोडा वर नेला तर त्वचा नितळ, खाली नेला तर सुरकुत्या आणि डाग स्पष्ट.

नव्या फोनबद्दल विचारलंत म्हणून सांगते. फक्त कृष्णधवल टिपणारा वेगळा सेन्सर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) असलेले फोन निघाले होते. २०१६ च्या ह्युआवे पी९ मध्ये तो होता, २०१९ च्या नोकिया ९ प्युअरव्ह्यूमध्ये तर पाचपैकी तीन कॅमेरे तसे होते. साध्या सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवी किंवा निळी चाळणी असते आणि ती बराच उजेड अडवते. ती नसल्यामुळे हे सेन्सर जास्त उजेड घेतात, बारकावे चांगले येतात. पण अशा निव्वळ कृष्णधवल फाइलमध्ये मुळात रंगच नोंदलेले नसतात, म्हणजे नंतर पाकळी उजळ करू की पान, हा पर्याय संपला. मला हा सौदा पटत नाही.

याहून फोटो काढताना घ्यायची काळजी मोठी आहे. फोन आपणहून सावल्या उजळवतो, एचडीआर या सोयीत तर कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम जोडून सगळं सारखं करून टाकतो. रंगीत फोटोत ते खपतं, कृष्णधवलमध्ये जीवच जातो. एचडीआर बंद करता येत असेल तर करा. जिथे सगळ्यात जास्त उजेड आहे तिथे बोट दाबून धरा, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा आणि मग किंचित खाली आणा. सावलीतला तपशील थोडाफार परत मिळवता येतो. पांढरं फटक उडालेलं गाल किंवा कपाळ परत येत नाही.

खिडकीशी एक प्रयोग जरूर करा. खोलीतले दिवे मालवा, कुणालातरी खिडकीच्या बाजूला बसवा आणि चेहरा हळूहळू आत वळवायला सांगा. एका क्षणी पलीकडचा गाल अंधारात जातो आणि डोळ्याखाली उजेडाचा छोटासा त्रिकोण उरतो. तिथे थांबवा. या फोटोला नंतर स्लायडरची फारशी गरज लागत नाही, कारण काळं-पांढरं उजेडानंच करून ठेवलेलं असतं. काढण्याआधी हा काळा-पांढरा फरक पाहताना अडचण वाटली तर स्क्रीनवर मोनो, म्हणजे कृष्णधवल, फिल्टर लावून बघा. आयफोनवर मोनो किंवा नॉयर हे कृष्णधवल फिल्टर लावून काढलेल्या फोटोचेही रंग एडिटमध्ये परत आणता येतात. तुमच्या फोनवर तसं होतं का, ते आधी एका फालतू फोटोवर तपासा.

आणि एडिट करताना स्क्रीनचा ऑटो ब्राइटनेस बंद करून तो मध्यावर ठेवा. रात्री अंधारात मंद स्क्रीनवर केलेले माझे किती तरी फोटो सकाळी नको इतके उजळ निघाले आहेत. आता गुलाब पुन्हा करून बघाल तेव्हा एवढं सांभाळा, आणि दोन्ही रूपं शेजारी ठेवूनच ठरवा.