कंपासपेटीला लागणारी चार मिनिटं

मी सत्तावीस वर्षं विशेष शिक्षिका आहे आणि त्याच्या कितीतरी आधीपासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या भावाची धाकटी बहीण. या सदरात दोघीही उत्तरं देतात. कधीकधी त्यांचं आपसांत पटत नाही, ते वाचकांनी समजून घ्यावं.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे उजवा हात आणि पाय ताठ. बोलणं स्पष्ट, समज उत्तम. शाळेच्या प्रत्येक बैठकीत एकच ऐकते, ‘हुशार आहे हो, पण काम पूर्ण करत नाही.’ मी काही मागितलं की ‘बघू’. घरी पोचेपर्यंत रडू कोसळतं. शाळेशी बोलायचं तरी कसं? – एक आई

‘बघू’ हा शब्द शाळांना आवडतो, कारण त्याला तारीख नसते. पण थोडी चूक आपल्या मागण्यातही असते. ‘माझ्या मुलाकडे जरा लक्ष द्या’ म्हटलं की बाई मनापासून हो म्हणतात. सोमवारी वर्गात शिरल्यावर नेमकं काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माझ्या भावाच्या वहीवर कायम शेरा असायचा : वर्गकार्य अपूर्ण. शेवटी आईने परवानगी काढली आणि एक अख्खा दिवस ती वर्गात मागच्या बाकावर बसली. डॉक्टरांची फाइल तिने घरीच ठेवली होती. सोबत नेलं होतं घड्याळ आणि एक वही. ती वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात निदानाचं नावसुद्धा नाही. आहे ते असं : ‘कंपासपेटी उघडणे – ४ मिनिटे. डावा हात झाकण ओढतो, पण पेटी धरायला दुसरा हात नाही. दोनदा खाली पडली. पट्टी टेकवली की वही सरकते. तिसरे वाक्य लिहीत असताना फळा पुसला.’

अपूर्ण वर्गकार्याचं सगळं कारण तेवढ्या ओळींत होतं. आईने ती वही बाईंपुढे ठेवली आणि बाई वाचून गप्प झाल्या. वर्षभर त्यांनी काम न झालेलं पाहिलं होतं, ते का होत नाही हे पाहिलं नव्हतं. चाळीस मुलं सांभाळताना दिसतही नाही, हे आता मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे कबूल करते. मग कंपासपेटी गेली आणि उघड्या तोंडाचा डबा आला. वहीखाली न सरकणारी रबरी चटई आली. फळ्यावरच्या मजकुराचा तोडगा बाईंनीच काढला : शेजारच्या मुलाने कार्बन पेपर लावून लिहायचं आणि खालची प्रत भावाला द्यायची. आज फळ्याचा फोटो काढता येतो, पण त्या कार्बनमुळे भावाला एक जिवलग मित्र मिळाला, तो फोटोने मिळाला असता की नाही कोण जाणे.

तुम्हीही तेच करा. वर्गात बसू देत नसतील तर घरी अभ्यासाला बसल्यावर आठवडाभर टिपणं काढा. कशाला किती वेळ लागतो, हात कुठे अडतो, दमतो केव्हा. त्यातून तीनच मागण्या काढा. दहा मागितल्या की एकही धड होत नाही. प्रत्येक मागणीपुढे कोण करणार, कधीपासून आणि जमलं की नाही हे पुन्हा कोणत्या तारखेला बघायचं, एवढं लिहा. उदाहरणार्थ, वीस गणितांऐवजी सहा, कारण रीत समजली की नाही हे सहांतही कळतं. उत्तरपत्रिकेला जास्तीचा वेळ किंवा लेखनिक. लांब उत्तरं टंकून. हात सुधारावा म्हणून थेरपी जरूर चालू राहू दे, पण इतिहासाच्या पेपरात हाताची परीक्षा कशाला? तिथे इतिहासाची घ्यावी. लिखाणाचा हट्ट धरून टंकलेखन लांबवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

बैठकीला एकट्या जाऊ नका. सोबतच्या माणसाने बोलायची गरज नाही, त्याने फक्त लिहून घ्यायचं. आणि त्याच संध्याकाळी शाळेला चार ओळींचा निरोप : ‘आज असं ठरलं, असं मला समजलं. चुकलं असेल तर कळवा.’ हा निरोप भांडणाचा नाही. वर्गशिक्षिका बदलल्या की पुढच्या बाईंना दाखवायला हाच कागद उपयोगी पडतो. काही शाळांत मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करतात. त्यात ‘लेखनात सुधारणा होईल’ असलं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी विचारा, किती आणि कशावरून कळणार?

आणखी एक. तुमच्या मूळ पत्रात (इथे ते थोडक्यात दिलं आहे) ‘सवलत’ हा शब्द पाच वेळा आला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. १८०हून अधिक देश त्याला बांधलेले आहेत. त्याचं २४वं कलम शिक्षणाचं आहे. दुसऱ्या कलमात तर स्पष्टच म्हटलं आहे की, झेपण्याजोगी आवश्यक सोय नाकारणं हाही भेदभावच. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते, सोय हा मात्र हक्क आहे. तेव्हा शब्द बदला, आवाज न चढवता.

एक विचारायचं राहिलं. या सगळ्यात मुलाला काय हवं आहे, हे विचारलंत का? माझ्या भावासाठी एका वर्षी खास खुर्ची आली. उत्तम होती. तो तीत एकदाही बसला नाही, कारण ती वर्गात एकटीच निळी होती.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, डिस्लेक्सिया आहे. रोज रात्री मी तिला दोन-दोन तास धडे वाचून दाखवतो. ऐकून तिला सगळं कळतं. नातेवाईक म्हणतात, अशाने ती वाचायला कधी शिकणार? आणि माझाही घसा आता बसतो. – एक बाबा

अक्षर ओळखायला शिकणं हे एक काम आणि धड्यातला आशय कळणं हे दुसरं. पहिल्यासाठी रोज थोडा वेळ नेमाने, आवाज आणि अक्षर यांची जोडी पक्की करत शिकवावं लागतं. ते थांबवू नका. पण तोवर विज्ञान, भूगोल का अडवून ठेवायचं? ऐकून समजलेलं पुस्तक हे समजलेलंच पुस्तक असतं. तुमचा घसा मात्र यंत्राकडे सोपवा. बहुतेक फोनमध्ये मजकूर वाचून दाखवणारी सोय आधीपासून असते. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा विनामूल्य प्रोग्रॅम आहे, त्याची सुरुवात २००६मध्ये मायकेल करन या अंध तरुणाने केली. तो मुख्यतः अंधांसाठी आहे, त्यामुळे तुमच्या मुलीला फोनमधली साधी सोयच आधी पुरेल. वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळत जाईल अशी मांडणी निवडा, म्हणजे कान आणि डोळा बरोबर चालतात.

पुस्तक मिळवताना फसगत होते ती इथे : अनेकदा ‘डिजिटल पुस्तक’ म्हणून हातात येतात ते पानांचे फोटो. फोटो यंत्राला वाचता येत नाही. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. तो शब्द निवडता आला तर पुस्तक बोलेल. नाही तर आधी त्यातला मजकूर ओळखून घेणारं ॲप लागेल.

माराकेश करार बहुतेक पालकांना माहीतच नसतो. २०१३ साली झाला, २०१६ साली लागू झाला. जे देश त्यात आहेत, तिथे ठरावीक संस्थांना प्रकाशकाची परवानगी न मागता पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत करून देता येते. लोकांना वाटतं तो फक्त अंधांसाठी आहे. तसं नाही. छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेली तुमची मुलगी त्यात बसते. पुस्तक हातात धरता न येणारं मूलही बसतं. अंधांच्या ग्रंथालयात जाऊन विचारा. ‘आमची मुलगी अंध नाही’ असं आपणच म्हणून परत फिरू नका.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा, बोलत नाही. थेरपिस्टने टॅबलेट दिला आहे, चित्र दाबलं की तो बोलतो. सगळं यंत्रच बोलायला लागलं तर पोराचं तोंड उघडेल का? सून ऐकत नाही. – एक आजी

आजी, सुनेचं बरोबर आहे. तुमची भीती मात्र वेडेपणाची नाही, थेरपिस्टांनाही ती पूर्वी वाटायची. २००६ साली आधीच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्या २७ जणांचा पुरावा भक्कम होता, त्यांतल्या एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. मागितलेलं मिळतं हे एकदा कळलं की मूल आणखी मागायला लागतं. तुमच्याकडे एकच काम : तुम्हीही बोलताना ती चित्रं दाबा. त्याची परीक्षा घेऊ नका. ‘हे काय आहे, दाखव’ असं दिवसातून पन्नासदा विचारलं की मोठा माणूसही गप्प बसेल.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. धाकट्या भावाला स्वमग्नता आहे. त्याच्यामुळे माझं एकही स्नेहसंमेलन आईबाबांनी पूर्ण पाहिलेलं नाही. मला त्याचा राग येतो आणि मग स्वतःचाच राग येतो. – सही केलेली नाही

हे उत्तर बहीण देते आहे, शिक्षिका बाजूला बसली आहे.

राग येऊ दे. मी माझा गृहपाठ थेरपी केंद्राच्या बाकावर केला आहे, वर्षानुवर्षं. त्या बाकाची एक पट्टी सैल होती, ती चिमटायची. कुठे बसायचं हे मला पाठ होतं. सगळे भावाला विचारायचे, आज किती पायऱ्या चढलास. मी कितवी पायरी चढत होते, ते कुणाला ठाऊक नव्हतं. तरी वर्गात त्याला कुणी चिडवलं की पहिला दगड माझा असायचा. दोन्ही एकाच घरात राहतं, एकाच पोरीत.

तुझ्यासारख्या भावंडांसाठी म्हणून वेगळे गट असतात. अमेरिकेत डॉन मायर यांनी १९८२ साली ‘सिबशॉप’ नावाने ते सुरू केले. असा गट जवळपास नसेल तर भावाच्या केंद्रात बाकावर बसलेल्या दुसऱ्या मुलीकडे बघ. आणि आईबाबांकडे ‘मलाही वेळ द्या’ असं मोघम मागू नकोस. वार आणि वेळ सांग. दर गुरुवारी अर्धा तास, दोघांपैकी एकाचा, भावाचा विषय न काढता. पुढच्या स्नेहसंमेलनाला एकाने घरी थांबायचं आणि दुसऱ्याने शेवटपर्यंत बसायचं, हेही आत्ताच ठरवून घे. हे पान त्यांच्या हाताला लागेल असं ठेव.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, मतिमंदत्व आहे. सगळे म्हणतात, ‘इतकी वर्षं झाली, आता स्वीकार.’ मी स्वीकारलंय. तरी तिच्या वयाच्या मुली सायकलवरून शाळेत जाताना दिसल्या की पोटात तुटतं. याबद्दल बोलावं असं एकही माणूस नाही. – एक आई

सायमन ओल्शन्स्की या समाजकार्यकर्त्याने १९६२ साली अशा आईबापांच्या दुःखाबद्दल लिहिलं, की ते एकदा होऊन संपत नाही, आयुष्याच्या टप्प्याटप्प्यावर परत येतं, आणि तो आजार नसून साहजिक प्रतिक्रिया आहे. ‘स्वीकारा, स्वीकारा’ म्हणून पालकांच्या मागे लागणाऱ्या तज्ज्ञांना त्याने त्यातच सुनावलं आहे. तुमच्या नातेवाइकांना मी माझ्या परीने सुनावते : सायकली दर जूनमध्ये नव्याने रस्त्यावर येतात, त्याला तुमच्या वर्षांचा हिशोब लागू नाही.

माणूस नाही म्हणता, त्यावर एक सांगते. १९४६ साली इंग्लंडमध्ये ज्युडी फ्रायड या आईने ‘नर्सरी वर्ल्ड’ या मासिकाला पत्र लिहिलं. तिच्या मुलीला शाळेत जागा नव्हती. माझ्यासारखे आईबाप असतील तर मला लिहा, एवढंच तिचं म्हणणं. पत्रांवर पत्रं आली, संतापाची आणि दुःखाची. त्यांतून पालकांची संघटना उभी राहिली, तीच आजची ‘मेनकॅप’, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम करणारी संस्था.

संघटना वगैरे राहू द्या. तुमच्यासारखीच आणखी दोन पत्रं याच महिन्यात माझ्या टेबलावर आहेत, एकातली मुलगी बारा वर्षांची, दुसऱ्यातली चौदा. या सदरात आम्ही पत्ते छापत नाही. पण तिघींची तयारी असेल तर संपादकीय कार्यालय ते एकमेकींकडे पोचवेल. संमती लेखी पाठवा. त्या दोघींनाही मी आजच तसं कळवलं आहे.