जॉन वाईट आणि रिचर्ड थोर? आधी खाती बघा

प्रश्न असा आहे की इंग्लंडचा सगळ्यात वाईट राजा म्हणून जॉनचंच नाव का घेतात, त्याचा थोरला भाऊ रिचर्ड खरंच त्याच्यापेक्षा चांगला होता का, आणि त्यांच्या आईचा, राणी एलिनॉरचा, यात हात किती.

थोडक्यात सांगायचं तर रिचर्ड उधळ्या होता आणि जॉनने ती उधळपट्टी निस्तरली. हे पटत नसेल तर पुढे वाचू नका.

मी जन्मभर सहकारी संस्थांचं ऑडिट केलं. माणूस कसा होता हे ठरवण्याआधी मला कीर्द-खतावणी लागते. रिचर्ड ११८९ ते ११९९ राजा होता, त्यातले जेमतेम सहा महिने इंग्लंडात. गादीवर बसल्या बसल्या क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाच्या, खर्चासाठी त्याने पदं विकली आणि स्कॉटलंडवरचा हक्क १०,००० मार्कांना सोडून दिला. गिऱ्हाईक मिळालं तर लंडनसुद्धा विकेन असं तो म्हणाल्याचं त्याच्याच काळच्या लेखकांनी लिहून ठेवलंय. मोहिमेवरून परतताना ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला. खंडणी दीड लाख मार्क. मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबातला आकडा होता, पौंडाचा दोन तृतीयांश. म्हणजे एक लाख पौंड. त्यासाठी लोकांच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा, सिस्टर्शियन पंथाच्या मठांची वर्षभराची लोकर, चर्चमधली चांदी, सगळं गेलं. सुटून आला, दोनेक महिने राहिला आणि फ्रान्सला गेला तो कायमचाच. तिथे शातो गायार नावाचा किल्ला उभारला, त्याला आणखी सुमारे १२,००० पौंड. शेवटी एका किरकोळ गढीला वेढा घालताना बाण लागून मेला. मागील बाकी जॉनच्या नावावर.

हे सगळं मी दादाला तोंडावर सुनावलेलं आहे.

दादा डॉक्टर, तिकडेच स्थायिक. पुतण्याच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. लंडनमध्ये पार्लमेंटबाहेर रिचर्डचा पुतळा आहे, घोड्यावर बसून तलवार उंचावलेला, व्हिक्टोरिया राणीच्या काळात बसवलेला. दादा त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "राजा असावा तर असा!" मी गप्प बसलो. पाहुणा होतो ना.

पुढे वूस्टरला गेलो. तिथल्या कॅथीड्रलमध्ये मुख्य वेदीसमोर जॉनची कबर आहे. वरती संगमरवरात कोरलेला जॉन उताणा पडलेला, डोक्याशी दोन छोटे बिशप धूप दाखवतायत, आणि पायाशी बसलेल्या सिंहाने त्याच्या तलवारीचं टोक तोंडात धरलंय. मी वाकून तो सिंह बघत होतो. मागून दादा म्हणाला, "ह्याने काय केलं? भावाने कमावलेलं सगळं घालवलं."

मग मात्र माझा तोल सुटला. कॅथीड्रल आहे, हळू बोलायचं, हे काही लक्षात राहिलं नाही. वहिनी आणि आमच्या सौभाग्यवती दोघी लांब जाऊन खिडक्यांच्या काचा बघायला लागल्या.

आमच्या घरचं सांगतो. दादाच्या परदेशी शिक्षणासाठी आप्पांनी मळा गहाण टाकला होता. ते कर्ज माझ्या पगारातून फिटलं. आप्पांचं आजारपण, भाऊबंदांशी बांधावरून चाललेली केस, तारखा, वकिलाची फी, सगळं माझ्याकडे. दादा चार-पाच वर्षांतून एकदा यायचा, सगळ्यांना सेंटच्या बाटल्या वाटायचा आणि गाव म्हणायचं, थोरला तो थोरलाच. मी चार पैसे जपून वापरतो म्हणून मी चिंगूस. आता सांगा, जॉनने कर बसवले म्हणून शिव्या देणाऱ्यांना मी काय म्हणायचं?

दादाकडेही एक हुकमी पान होतं. म्हणाला, "भाऊ तुरुंगात असताना हाच जॉन फ्रान्सच्या फिलिप राजाशी मिळून पैसे देऊ करत होता, त्याला आणखी काही दिवस आतच ठेवा म्हणून. तरी रिचर्डने त्याला माफ केलं." हे खरं आहे. पण माफ कसं केलं? तू अजून पोर आहेस, तुला वाईट लोकांची संगत लागली, असं म्हणून. जॉन तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. अशी माफी थोरल्या भावांनाच सुचते.

बरं, नाव का खराब झालं? जॉनचं पोपशी बिनसलं आणि १२०८ ते १२१४ अख्ख्या इंग्लंडातले धर्मविधी बंद पडले. जॉनने चर्चचं उत्पन्न जप्त केलं. आणि इतिहास लिहिणारे कोण? मठातले साधू. सेंट ऑल्बन्सच्या मॅथ्यू पॅरिसने तर नरकसुद्धा जॉनमुळे विटाळला अशा अर्थाचं लिहिलं. पुढे आठव्या हेन्रीचं स्वतःचंच पोपशी वाजलं, तेव्हा हाच जॉन नाटकातून पोपला भिडलेला वीर म्हणून मिरवला! रॉबिन हूडच्या गोष्टींत जॉन दुष्ट आणि रिचर्ड भला असतो म्हणाल, तर जुन्या पोवाड्यांत राजाचं नाव एडवर्ड आहे. रिचर्ड-जॉन त्यात मागाहून घुसले.

आणखी एक. जॉनच्या पहिल्या वर्षापासून सनदांच्या नकला चामड्याच्या गुंडाळ्यांवर उतरवून ठेवायला लागले. त्यामुळे त्याचा प्रत्येक दंड, प्रत्येक वसुली आज सापडते. ज्याचं दप्तर नीट, त्याच्याच चुका निघतात, हे कुठलाही ऑडिटर सांगेल.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रान्समधली नॉर्मंडी १२०४ मध्ये गेली ती जॉनच्याच हातून. मटिल्डा द ब्रिओज ही एका सरदाराची बायको, तिला आणि तिच्या मुलाला त्याने कैदेत उपाशी मारलं, त्याचं समर्थन मी करणार नाही. दप्तराची शिस्तही बरीचशी जॉनचा चान्सलर ह्यूबर्ट वॉल्टर याची, आणि तो मूळचा रिचर्डचाच माणूस. रिचर्ड लढवय्या म्हणून अव्वल होता, हेही कबूल. पण क्रुसेडमध्ये एकर नावाच्या शहरात २,७०० च्या आसपास कैदी कापून काढणारा माणूस पुतळ्यावर चढतो आणि क्रूर म्हणून नाव जॉनचंच निघतं.

राहिली एलिनॉर. सत्तरीच्या घरात असताना ती खंडणी घेऊन स्वतः जर्मनीला गेली. जीव थोरल्यावर. पण १२०२ मध्ये नातू आर्थरने फ्रान्समधल्या मिराबोच्या किल्ल्यात तिलाच वेढलं, तेव्हा दोन दिवसांत सव्वाशे किलोमीटरच्या वर घोडी पिटाळत कोण आलं? जॉन. (आर्थर तिथे पकडला गेला आणि पुढे नाहीसा झाला. त्यात जॉनचा हात असणारच, तेही मांडून ठेवतो.)

वहिनी इथलं सगळं दादाला वाचून दाखवतात, म्हणून लिहितो. दादा, त्या दिवशी मिराबोचा विषय निघाल्यावर तू पार्किंगची वेळ संपत आली म्हणून निघालास. आईच्या शेवटच्या वर्षात हॉस्पिटलात रात्री कोण बसलं होतं, हा माझा पुढचा प्रश्न होता.