सिस्टीनपासून सुरुवात कर

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, ऐन पावसाळ्यात धातूच्या संकुलाचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडनं अमिनो आम्लं ओळखायचं काम सुरू करतोयस, तर वीसही अमिनो आम्लांच्या मागे धावू नकोस. साध्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होतं ते टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, सिस्टीन अशा मोजक्यांचंच. सिस्टीन घे. नुसत्या ग्लासी कार्बनवर, म्हणजे काचेसारख्या गुळगुळीत कार्बनवर, त्याला व्होल्टेज बरंच जास्त लागतं. कोबाल्ट थॅलोसायनाइन या संकुलाचा थर दिलास की ते खाली येतं, कारण धातूचं केंद्र मध्यस्थासारखं इलेक्ट्रॉनची ने-आण करतं.

पण थराआधी इलेक्ट्रोड घास. 0.05 मायक्रॉनची अ‍ॅल्युमिनाची पूड, इंग्रजी आठाचा आकडा गिरवत, मग पाण्यात सोनिकेशन, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणं. मग चाचणीला फेरीसायनाइडचं द्रावण घे; व्होल्टेज वर-खाली फिरवून काढलेल्या त्याच्या आलेखातल्या दोन शिखरांतलं अंतर 59 मिलिव्होल्टच्या आसपास येईना, तर पुन्हा घास. मी हे टाळून चवथीआधीचा अख्खा महिना घालवला. शिखर म्हणून मिरवत होतो, ते निघालं मळाचं!

सिस्टीनचं द्रावण रोज ताजं कर, हवेत त्याचे दोन-दोन रेणू जुळून सिस्टाइन हा वेगळाच पदार्थ होतो. द्रावणात नायट्रोजन सोड, म्हणजे हवेतला ऑक्सिजन निघून जाईल. इथल्या दमट हवेत सिस्टीनची बाटली डेसिकेटरमध्येच, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातच, हवी. निकेलच्या संकुलांचा मोह नंतर. अल्कलीत ती बहुतेक अमिनो आम्लांना प्रतिसाद देतात, मग नेमकं कोणतं ते कसं ओळखणार? आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचंही सहज ऑक्सिडीकरण होतं, त्याचं शिखर सिस्टीनचं वाटू शकतं; ते मिसळून बघितल्याशिवाय मला आलेख दाखवायला येऊ नकोस.