सद्गुणी स्त्री ही चेकलिस्ट नाहीये, बाळा

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज वाचला. युवतींच्या मीटिंगमधे नीतिसूत्रे ३१ वर, म्हणजे बायबलमधल्या नीतिसूत्रे पुस्तकाच्या सद्गुणी स्त्रीचं वर्णन असलेल्या अध्यायावर संदेश झाला, सगळ्या आमेन आमेन म्हणत होत्या आणि तुला मात्र आतल्या आत रडू येत होतं असं लिहिलंयस, कारण तुला पहाटे उठणं जमत नाही, शिवण येत नाही, राग पटकन येतो, लग्नाचं तर अजून कशात काही नाही, मग मी कसली सद्गुणी स्त्री, मी तर पहिल्याच वचनाला नापास. अगं, असं वाटणारी तू एकटी नाहीस, कितीतरी मुली तो अध्याय वाचून मान खाली घालून बसतात आणि कोणाला सांगत नाहीत. तू सांगितलंस हे फार बरं केलंस.

आधी एक कर, तो अध्याय अगदी पहिल्या वचनापासून वाच. आपल्याकडे सगळे थेट दहाव्या वचनावर उडी मारतात. सुरुवातीला लिहिलंय की ही लमुएल राजाची वचनं आहेत आणि ती त्याला त्याच्या आईने शिकवली. म्हणजे एक आई आपल्या मुलाला समजावतेय, दारूच्या नादी लागू नकोस, बायकांच्या मागे आपलं बळ घालवू नकोस, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, गरिबाचा न्याय कर. आणि हे सगळं झाल्यावर मग सद्गुणी स्त्रीचं गीत येतं. आता मला सांग, ज्या अध्यायाची सुरुवात एका तरुण मुलाचे कान धरून होते तो आपण फक्त मुलींच्याच डोक्यावर का मारायचा? मला तर वाटतं हा संदेश युवकांच्या मीटिंगमधे आधी व्हायला पाहिजे.

दुसरं म्हणजे ते गीत आहे, टाइमटेबल नाही. २२ वचनं आहेत आणि हिब्रू भाषेत २२ अक्षरं, प्रत्येक वचन पुढच्या अक्षराने सुरू होतं, आपण अ पासून ज्ञ पर्यंत म्हणतो ना तसं. अख्खं आयुष्य डोळ्यासमोर ठेवून केलेली स्तुती आहे ती. बाराव्या वचनात "आयुष्यभर" असंच आहे. ती बाई एकाच दिवसात लोकर आणते, शेत घेते, द्राक्षमळा लावते, कापड विकते, मुलांना शिकवते असं कुठेच लिहिलेलं नाही आणि शिवाय तिच्या घरी दासी होत्या हेही पंधराव्या वचनात स्पष्ट आहे, ते कोणी सांगत नाही. यहुदी घरांमधे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुरू झाल्यावर हे गीत म्हणायची रीत आहे, नवरा ते बायकोसाठी म्हणतो, म्हणजे तिचे मार्क काढायला नाही तर तिचे आभार मानायला. तू ते परीक्षेचा पेपर समजून वाचतेयस म्हणून तुला धाप लागतेय.

आता तुझ्या लग्नाच्या मुद्द्यावर येते, कारण मला वाटतं खरी बोच तिथे आहे.

बायबलमधे एका बाईला तिच्या तोंडावर सद्गुणी स्त्री म्हटलंय, ती रूथ. रूथ ३:११ काढून बघ, शेतमालक बवाज तिला म्हणतो की तू सद्गुणी स्त्री आहेस हे माझ्या गावातल्या सगळ्या लोकांना माहीत आहे. आणि त्या घडीला तिच्याजवळ काय होतं? नवरा वारलेला, मूलबाळ नाही, मवाबी म्हणजे परक्या देशाची, घरात म्हातारी सासू आणि खायचे वांदे. नीतिसूत्रे ३१ मधल्या बाईकडे जे जे आहे त्यातलं हिच्याकडे काहीच नाही, ना शेत, ना दासी, ना वेशीत बसणारा नवरा. तरी अख्खं गाव तिच्याबद्दल चांगलं बोलतंय, आणि ते तिचं दुसरं लग्न व्हायच्या आधी. म्हणजे सद्गुण हे लग्नानंतर मिळणारं सर्टिफिकेट नाही गं, तू आज जिथे आहेस तिथे, तुझ्या होस्टेलच्या रूमवर, तुझ्या ऑफिसमधे, आजारी आजीच्या उशाशी, तिथेच तो असतो.

आणि गावाला हे कळलं कसं, तर दुसरा अध्याय नीट वाच. ती दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसं, वेचायला गेली, आधी परवानगी मागितली, सकाळपासून राबली, संध्याकाळी वेचलेलं झोडलं तर एफाभर (एफा म्हणजे धान्याचं एक मोठं माप) सातू निघाले. पण माझं मन नेहमी एका छोट्याशा गोष्टीपाशी थांबतं. दुपारी जेवायच्या वेळी बवाजने तिला हुरडा दिला, ती पोटभर जेवली आणि उरलेला तिने ठेवून दिला, आणि घरी गेल्यावर तो सासूच्या हातात दिला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. दिवसभर उन्हात वाकून काम केलेल्या बाईला घासागणिक घरातली उपाशी म्हातारी आठवते, याला मी सद्गुण म्हणते. वचनाने एवढीशी गोष्ट का लिहून ठेवली असेल याचा तू विचार कर.

तसंच नीतिसूत्रे ३१ मधे १९ आणि २० ही दोन वचनं शेजारी शेजारी आहेत ती बघ. एकात तिचे हात चाती धरतात आणि लगेच दुसऱ्यात तेच हात गरिबाकडे पसरतात. कमावणारे आणि देणारे हात एकच. नुसती घरकामात हुशार, नुसती बचत करणारी, नुसती करिअरवाली, असं तिचं वर्णन नाहीये. ती शेत घेते तेव्हा विचार करून घेते, आपल्या कमाईतून मळा लावते, माल विकते, तेव्हा जे कोणी तुला सांगतात की ख्रिस्ती मुलीने पैशाच्या व्यवहारात पडू नये त्यांनी सोळावं आणि चोविसावं वचन वाचावं. नव्या करारात लुदिया तर जांभळ्या कापडाचा धंदाच करायची, थुवतीराची बाई, फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाचं ऐकलं, प्रभूने तिचं मन उघडलं, घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतला आणि लगेच सगळ्यांना आपल्या घरी राहायला आग्रहच केला. तेव्हा तुझ्या नोकरीबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. फक्त पगार झाल्यावर हात आखडता होतोय का एवढं बघत जा, ते तुझं तुलाच कळेल.

आता राग. तू लिहिलंयस की मी शांत स्वभावाची नाही म्हणून मी १ पेत्र ३ मधे, म्हणजे पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या वर्णनात, बसत नाही, तिथे सौम्य आणि शांत आत्मा म्हटलंय. बाळा, सौम्य म्हणजे मुळूमुळू बोलणारी नाही. प्रभू येशू स्वतःला मनाचा सौम्य आणि लीन म्हणाला, मत्तय ११ मधे, आणि त्याच प्रभूने मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकले. सौम्यता म्हणजे ताकद नसणं नाही, ताकद देवाच्या ताब्यात असणं.

याच्यासाठी तू अबीगईल वाच, १ शमुवेल २५. तिचा नवरा नाबाल, श्रीमंत पण आडमुठा, त्याने पुढे राजा झालेल्या दावीदाच्या माणसांचा पाणउतारा केला आणि दावीद चारशे माणसं तलवारी बांधून घेऊन निघाला. ही बाई रडत बसली नाही आणि आरडाओरडाही केला नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं, हुरडा, मनुका, अंजिराच्या ढेपा, सगळं गाढवांवर लादलं आणि स्वतः वाटेत जाऊन दावीदासमोर उभी राहिली. नवऱ्याला सांगितलं नाही. आणि बोलली काय तर भावी राजाला सरळ म्हणाली की उगाच रक्त सांडल्याचं दुःख तुझ्या मनाला लागू नये. किती नम्र, आणि किती खडसावून! मग घरी आली तर नाबाल पिऊन तर्र, मेजवानी चाललेली. तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. सकाळी त्याची उतरल्यावर सगळं सांगितलं. बोलायचं काय हे तिला कळत होतंच पण कधी बोलायचं हेही कळत होतं, आणि "ती सुज्ञपणाने तोंड उघडते" हे २६ वं वचन म्हणजे हेच. तुझा राग देवाला नको आहे असं नाही, अन्याय बघून तुझं रक्त उसळतं ते चांगलंच आहे, पण रात्री बारा वाजता फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकण्यापेक्षा सकाळपर्यंत थांबायला शिक. जीभ सुटली की शब्द परत घेता येत नाहीत आणि ज्यांच्यावर आपलं सगळ्यात जास्त प्रेम असतं त्यांनाच ते लागतात.

याच्याच बरोबर एक गोष्ट अगदी ठासून सांगते. सद्गुणी म्हणजे मुकाट्याने मार खाणारी नाही. इफिस ५ मधलं "स्त्रियांनो अधीन असा" सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या आधीच्या २१ व्या वचनात एकमेकांच्या अधीन असा म्हटलंय आणि पुढे २५ व्या वचनात नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून स्वतःला दिलं तशी तू बायकोवर प्रीती कर. उद्या तुझ्या किंवा तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत कोणी हात उचलला आणि वर वचन दाखवून गप्प बस म्हणाला तर गप्प बसायचं नाही, सुरक्षित जागी जायचं, विश्वासाच्या माणसाला सांगायचं, गरज पडली तर पोलिसातही जायचं. याने तुझ्या सद्गुणाला काडीचाही धक्का लागत नाही.

दागिने, कपडे, मेकअप याबद्दल विचारलंयस, त्यावर फार वेळ घालवणार नाही. पेत्र सांगतो की तुझी शोभा फक्त वरवरची नसावी. नीतिसूत्रे ३१ मधली बाई तर स्वतः तलम ताग आणि जांभळं वस्त्र घालते, पण तिचं नाक कसं, रंग कसा, उंची किती याबद्दल अख्ख्या गीतात एक शब्द नाही. तेव्हा नीटनेटकी राहा, आवडतं ते शोभेल असं घाल, आणि आरशासमोर जाणारा वेळ आणि देवासमोर जाणारा वेळ यांच्याकडे अधूनमधून बघत जा, बस.

कारण सगळ्याची मुळी ३० व्या वचनात आहे, परमेश्वराचं भय धरणारी स्त्री. बाकीची वचनं त्यातून येतात. भय म्हणजे धसका नाही, आपल्या प्रत्येक गोष्टीत, कोणी बघत नसतानाही, देव आहे हे मानून वागणं. हन्नाला बघ, मूल नाही म्हणून सवत तिला टोचून टोचून रडवायची, तर तिने आपलं सगळं मन परमेश्वरापुढे ओतलं, नुसते ओठ हलत होते, आवाज नाही, एली याजकाला वाटलं ही प्यायलीय. तेव्हाही तिने त्याला उलट उत्तर दिलं नाही, नीट समजावलं. तुझ्याकडून मला एवढंच हवंय की रडू आलं तर ते आधी तिथे घेऊन जा. मरीया प्रभूच्या पायाशी बसली आणि तिची बहीण मार्था कामात गुरफटली ही गोष्ट तुला माहीतच आहे, पण मार्थाला उगाच वाईट ठरवू नकोस हं, योहान ११ मधे भाऊ मेलेला असताना "तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र" असं म्हणणारी मार्थाच आहे. प्रभूने तिची सेवा नाकारली नाही, तिची धावपळ थांबवली.

आणि मेसेजच्या शेवटी तू जे लिहून परत डिलीट केलंस ते मी वाचलं होतं. कॉलेजमधल्या त्या गोष्टीमुळे आपण आता शुद्ध राहिलो नाही असं तुला वाटतं. मत्तयाचा पहिला अध्याय उघड, प्रभूच्या वंशावळीत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, उरियाची बायको आहे. राहाब यरीहोची वेश्या होती, आणि ती बवाजची आई म्हणून तिथे लिहिलीय, म्हणजे रूथची सासूच म्हण ना. देवाने ती नावं लपवली नाहीत. पश्चात्ताप केलास ना, मग झालं, क्षमा झालेली गोष्ट तू रोज उकरून काढू नकोस. आणि शुद्धता फक्त मुलींकडून मागितलेली नाही, १ थेस्सलनीका ४ सगळ्या विश्वासणाऱ्यांना लिहिलंय, मुलांनाही तेवढंच लागू आहे.

आता काय करायचं ते विचारलंयस. या आठवड्यात फक्त रूथ वाच, चारच अध्याय आहेत, घाई न करता. रोज कोणासाठी तरी एक गोष्ट गुपचूप कर, स्टेटसला न टाकता. आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वयाने मोठ्या बायकांनी तरुण मुलींना शिकवावं असं आहे, तर तुमच्या मंडळीत अशी एक बाई शोध जिचं घरातलं वागणं आणि मंडळीतलं वागणं एकच आहे. भारी प्रार्थना करणारीच पाहिजे असं नाही. यापोची टबीथा काय बोलली हे बायबलमधे एका ओळीनेही नाही, पण ती मेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवत होत्या. तशी कोणी दिसली की तिच्याजवळ जाऊन बस, तिला विचार की माझ्याबरोबर आठवड्यातून एकदा प्रार्थना कराल का. मी लांब आहे, फोनवर कितीही बोललं तरी समोर बसून डोक्यावर हात ठेवणारं माणूस पाहिजेच. कोण सापडलं ते मला कळव, आणि रूथ वाचून झाल्यावर रविवारी उपासनेनंतर फोन कर, मी वाट बघते.

प्रभू तुला सांभाळो.

तुझी मावशी