कार्बोनिक अॅनहायड्रेजच्या मॉडेलमध्ये जस्ताचा आयन जागेवर का टिकत नाही?

आपण साताऱ्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मानवी कार्बोनिक अॅनहायड्रेज-२ या विकराची रचना अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालीच्या संग्रहातून घेतली, त्यात जस्ताचा आयन हाताने बसवला आणि सिम्युलेशन (अणूंच्या हालचालींचे संगणकीय गणित) सुरू करताच तो खाचेतून सरकला, असे लिहिले आहे. सांगलीत विद्यार्थ्यांना हेच विकर दाखवताना माझ्या हातूनही हीच चूक झाली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अल्फाफोल्डच्या संग्रहात फक्त अमिनो आम्लांची साखळी मिळते. धातू आणि पाणी त्यात नसतात. या विकराच्या क्ष-किरणांनी काढलेल्या भरपूर रचना प्रोटीन डेटा बँक या खुल्या संग्रहात आहेत आणि त्यांत जस्त आपल्या जागी दिसते. प्रत्यक्ष मोजलेली रचना उपलब्ध असताना अंदाजावर काम उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण त्या बँकेतील '२सीबीए' या क्रमांकाची रचना घ्यावी.

खरी मेख मात्र हायड्रोजनमध्ये आहे. जस्ताला ९४, ९६ आणि ११९ क्रमांकांची तीन हिस्टिडिने (साखळीतील एक प्रकारची अमिनो आम्ले) व एक पाण्याचा रेणू किंवा हायड्रॉक्साइड धरून असतात, आणि नायट्रोजनपासून जस्ताचे अंतर सुमारे २ अँगस्ट्रॉम असते. हिस्टिडिनच्या कड्यात डेल्टा आणि एप्सिलॉन असे दोन नायट्रोजन असतात. या तिघांपैकी ९४ आणि ९६ यांचा एप्सिलॉन नायट्रोजन जस्ताकडे असतो, तर ११९ चा डेल्टा. म्हणजे पहिल्या दोघांचा हायड्रोजन डेल्टावर हवा आणि तिसऱ्याचा एप्सिलॉनवर. मी हे न सांगितल्यामुळे सॉफ्टवेअरने तिन्ही ठिकाणी हायड्रोजन एप्सिलॉनवरच लावला होता. ती जागा पडद्यावर मोठी करून पाहिली, तेव्हा दोन हायड्रोजन थेट जस्तावर रोखलेले दिसले. असा आयन तिथे टिकणार कसा? आपली फाइल आधी याच दृष्टीने तपासा.

एवढे करूनही, जस्त म्हणजे केवळ दोन धन प्रभारांचा गोळा मानला, तर तो जास्तीचे पाणी ओढून चाराऐवजी सहा शेजारी गोळा करू पाहतो. त्यासाठी अँबरटूल्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअर-संचातील एमसीपीबी हे धातूंसाठीचे साधन वापरून जस्त व नायट्रोजन यांच्यात बंध घालावेत आणि प्रभार क्वांटम गणितातून काढावेत. असे बंध तुटत नाहीत, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडची अभिक्रिया या मॉडेलमध्ये दिसणार नाही. तिच्यासाठी सक्रिय जागेपुरते क्वांटम गणितच हवे.

पुढे या विकराला रोखणारे अॅसिटाझोलामाइड हे औषध बसवणार असाल, तर जस्तावरचे ते पाणी काढून टाका आणि औषधाच्या सल्फोनामाइड नायट्रोजनवरील एक प्रोटॉन कमी करा, कारण त्याच रूपात ते जस्ताला बांधले जाते.