लेन्स संध्याकाळी पारखायची

प्रश्न: ताई, मी येळ्ळूरची, उद्यमबागेत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, स्कूटीनं जाते-येते. वर्ष झालं मंथली लेन्स घालते. सकाळी काही वाटत नाही पण चारनंतर एसीत डोळे चुरचुरालेत, घरी जाऊन कधी एकदा काढते असं होतं. दुकानदार म्हणतो जास्त पाण्याची घे, मैत्रीण म्हणते डेली घे. कुठली जास्त कम्फर्टेबल?

उत्तर: अगं, आधी तुझ्या बॉक्सवर मटेरियल काय आहे ते बघ. जास्त पाणी म्हणजे जास्त आराम हे ऐकायला पटतं, पण साध्या हायड्रोजेलमधलं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकमधलं पाणी एसीच्या कोरड्या हवेत उडत राहतं, त्यामुळं 58 टक्के पाण्याची लेन्स सकाळी लोण्यासारखी मऊ वाटते आणि दुपारनंतर कोरडी पडून टोचते. सिलिकॉन हायड्रोजेल 1999 च्या सुमारास बाजारात आली, तिच्यात ऑक्सिजन सिलिकॉनमधूनच आत जातो, पाण्यावर अवलंबून नाही. आपल्या कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात गं, तिला श्वास मुख्यतः हवेतूनच मिळतो, म्हणून दहा तास घालणाऱ्यांना मी आधी हीच सुचवते. पण ती थोडी ताठ असते आणि पापणीतलं तेल चिकटतं, काहींना तेच खुपतं.

तुझ्या बाबतीत मैत्रिणीचं मला जास्त पटतं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांची धूळ, वरनं स्कूटीचं वारं, हे सगळं मंथली लेन्सवर महिनाभर साठत जातं, डेली रात्री कचऱ्यात जाते. खर्च वाढतो हे खरं, मग निदान गाडीवर गॉगल तरी घालच. आणि मंथली म्हणजे तीस वेळा घालायची असं नाही हं, पॅक फोडल्यापासून महिना.

निवडायचं कसं, तर डॉक्टरांकडनं फिटिंग तपासून दोन ट्रायल जोड्या माग आणि उजव्या डोळ्यात एक, डाव्यात दुसरी, नंबर ज्या त्या डोळ्याचा, अशी दिवसभर ऑफिसात घाल. पाच वाजता हात कुठल्या डोळ्याकडं जातो ते बघ. दुकानातल्या आरशासमोर दहा मिनिटं घालून काही कळत नाही.

घालताना बोटाच्या टोकावर ठेवून कड बघतेस ना? वाटीसारखी सरळ वर असली तर बरोबर, ताटासारखी बाहेर पसरली तर उलटी झालीय, ती दिवसभर खुपणारच. काजळ लेन्स घातल्यावर, तेही पापणीच्या बाहेरनं. नळाचं पाणी लेन्सला किंवा डबीला अजिबात नको, आपल्याकडचं कितीही स्वच्छ असलं तरी, त्यातल्या अकँथामीबा नावाच्या सूक्ष्म जिवानं नजर जाऊ शकते. डबी तीन महिन्यांनी बदल.

आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर सोसत बसू नकोस, तिथंच लेन्स काढ आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. त्यासाठी चष्मा कायम पर्समध्ये असू दे.