डमी आउटपुट दिसतंय ना? मग स्पीकर बदलू नका

नवीन लॅपटॉपवर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, आवाज बंद, सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट', आणि आता सोलापुरात स्पीकर कुठं बदलून मिळेल असं विचारताय. थांबा जरा. माझंही हेच झालं होतं.

स्पीकर जळाला तरी साउंड कार्ड यादीत दिसतं, आवाजाची पट्टीही हलते, फक्त ऐकू काही येत नाही. तुमच्याकडे 'डमी आउटपुट' येतंय, म्हणजे सिस्टिमला कार्डच सापडत नाहीये. म्हणजे घोळ स्पीकरच्या अलीकडं आहे.

हे मी सात रस्त्याजवळच्या एका सर्व्हिस सेंटरात सांगून पाहिलं. काउंटरवरच्या पोरानं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "लिनक्स हाय व्हय? आधी विंडोज टाकून आणा." पुढच्या खेपेला 'बोर्ड गेलाय', वर ॲडव्हान्स भरा. पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालवून बघा म्हटलं, तर "तसलं आम्ही करत नाही." भर मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, हेलपाटे घालायला लावले. आणि जॉबशीटवर कारण लिहून द्यायला तयार नाहीत! तुम्ही गेलात तर ते आधी लिहून घ्या.

खरं कारण टर्मिनलमध्ये सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघितल्यावर एका ओळीत मिळालं: इंटेल सॉफची (SOF, साउंड चिपचं फर्मवेअर) फाइल लोड झाली नाही, एरर उणे दोन, म्हणजे फाइलच नाही. नव्या इंटेल लॅपटॉपात आवाज डीएसपी चिपमधून (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) जातो, तिला हे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं. डेबियन ११ मध्ये ते नॉन-फ्री विभागात आहे (मुक्त परवान्यात न बसणारी पॅकेजेस, मुळात बंद असतो). तो विभाग चालू करा, फर्मवेअर-सॉफ-साइन्ड (firmware-sof-signed) हे पॅकेज टाका, रीबूट करा. १२ पासून (२०२३) इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं, त्यामुळं मी तर म्हणेन सरळ नवीन डेबियनच टाका.

ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये dsp_driver=1 करा (म्हणजे डीएसपी टाळून जुना ड्रायव्हर वापरा), असं कुणीतरी सुचवेलच. आवाज येईलही, पण बऱ्याच मॉडेलांत आतला माइक बंद पडतो. मला तो उपाय पटत नाही. हे सगळं इंटेलचं. एएमडीवाल्यांनी यावर विसंबू नये. आणि हेडफोन चालतो पण स्पीकर गप्प, असं असेल तर भानगड वेगळी: आधी अल्सामिक्सरमध्ये (alsamixer, टर्मिनलमधला आवाजाचा मिक्सर) एफ-सहानं (F6) खरं कार्ड निवडा, स्पीकरखाली 'एमएम' (म्हणजे म्यूट) असेल तर एम दाबा, ऑटो-म्यूटही (हेडफोन लावला की स्पीकर गप्प करणारी सेटिंग) बघा.

विंडोज सोबत ठेवलं असेल तर त्याचं फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण त्यानं विंडोज पुरतं बंद होत नाही.